लष्कराचं जीपीएस आपल्या बांधावर

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. बोललं गेलं तसंच छापत आहोत.)

कुणी बैठकीला जमून ऐकत असाल, कुणी भाकरी थापता थापता. आजच्या विषयाला कागद-पेन लागत नाही, कान दिला तरी पुरे.

ई-पीक पाहणीच्या दिवसांत आपल्याकडे दोन-तीन बचत गटांतून एकच तक्रार आली. बाई स्वतःच्या शेतात उभी आहे, पायाखाली स्वतः पेरलेलं सोयाबीन आहे, आणि मोबाईल म्हणतो, तुम्ही या गट नंबरात नाही, फोटो घेता येणार नाही. एका मावशींनी विचारलं, "वरून सॅटेलाईट आपल्याला बघतंय म्हणतात. मग त्याला एवढी मोठी मी दिसत नाही का?"

मावशी, प्रश्न फार चांगला विचारलात. त्याचं उत्तर द्यायचं तर पार अमेरिकेच्या लष्करापर्यंत जावं लागतं. चला, जाऊन येऊ.

आधी ते बघण्याचं. जीपीएसचा सॅटेलाईट, म्हणजे उपग्रह, कुणालाही बघत नाही. तुम्ही आत्ता हा रेडिओ ऐकताय. मी इथं बोलतेय, पण तुम्ही कुठल्या गावात, ओट्यावर की माजघरात बसून ऐकताय, हे मला कळतं का? नाही कळत. केंद्रावरून आवाज सुटतो, ज्याच्याकडे रेडिओ आहे त्यानं ऐकावा. जीपीएसचं अगदी तसंच आहे. जमिनीपासून वीस हजार किलोमीटरवर तीसेक उपग्रह फिरत असतात, दिवसाला पृथ्वीच्या दोन फेऱ्या मारतात, आणि सारखं एकच बोलत असतात: मी अमुक नंबरचा, मी आत्ता इथं आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. बस्स. तुमचा फोन ते ऐकतो आणि आपण कुठं आहोत ते स्वतःच हिशोब करून काढतो. तो ठिकाणा पुढं सरकारला, कंपनीला कळतो तो फोनमधलं अ‍ॅप कळवतं म्हणून. तेव्हा कुठल्या अ‍ॅपला लोकेशनची परवानगी दिली आहे ते घरातल्या शिकलेल्या पोरीकडून एकदा बघून घ्या. आभाळाकडे बघून पदर सावरायची गरज नाही.

आता फोन हिशोब कसा करतो? तो आपल्याला येतोच. वीज चमकली की आपण पोरांना शिकवतो, एक, दोन, तीन मोज. तीन म्हणेपर्यंत गडगडलं तर वीज साधारण किलोमीटरभर लांब पडली. आवाजाला यायला वेळ किती लागला, त्यावरून अंतर. फोनही तेच करतो. उपग्रहाचा निरोप कधी सुटला आणि माझ्यापाशी कधी पोचला, यावरून तो किती लांब आहे ते काढतो. असे तीन उपग्रहांपासूनचे अंतर मिळाले की जागा सापडते. फोनचं घड्याळ साधं असतं, ते जुळवून घ्यायला चौथा उपग्रह लागतो. म्हणून किमान चार. हा चारचा आकडा लक्षात ठेवा, पुढं तो परत येणार आहे.

फरक इतकाच की हा निरोप आवाजाच्या वेगानं येत नाही, प्रकाशाच्या वेगानं येतो. सेकंदाला तीन लाख किलोमीटर. तिथं घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं, तर जमिनीवर तीनशे मीटरची चूक. तुमच्या शेतावरून थेट शेजारच्या वस्तीवर! म्हणून या उपग्रहांत अणुघड्याळं असतात. खरं सांगायचं तर हा उपग्रह म्हणजे आभाळात टांगलेलं एक फार महागडं घड्याळच. बाकी सगळं त्या घड्याळासाठी.

ही व्यवस्था कुणी उभी केली? अमेरिकेच्या लष्करानं, स्वतःसाठी. पहिला उपग्रह १९७८ साली गेला. जहाज, विमान, सैनिक, बॉम्ब, यांना जागा अचूक कळावी हा हेतू. साध्या माणसांचा विचार त्यात नव्हता असं नाही, पण तो दुसऱ्या पंगतीचा होता.

१९८३ साली एक वाईट घटना घडली. कोरियाचं एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून अलास्कामार्गे सोलला निघालं होतं. रात्री वाट चुकून ते रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाच्या हद्दीत शिरलं आणि त्यांच्या लढाऊ विमानानं ते पाडलं. २६९ माणसं गेली. विमानाला आपण कुठं आहोत हे नीट कळत असतं तर ही वेळ आली नसती. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी, रेगन यांनी, जाहीर केलं की ही व्यवस्था तयार झाली की सगळ्या जगाच्या नागरिकांना ती फुकट वापरता येईल.

दिली, पण कशी दिली ऐका. लष्करासाठी एक चोख संदेश, कुलूप लावलेला. आणि आपल्यासारख्यांसाठी दुसरा उघडा संदेश, त्यात मुद्दाम चूक मिसळलेली. शत्रूनं वापरू नये म्हणून. ही चूक शंभर मीटरपर्यंत जायची. शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद म्हणजे एक हेक्टर, आपलं अडीच एकराचं रान. म्हणजे तुम्ही या बांधावर उभ्या असाल तर यंत्रानं तुम्हाला त्या बांधावर दाखवायचं. त्या काळात ई-पीक पाहणी असती तर अख्ख्या शिवाराची पिकं एकमेकांच्या नावावर चढली असती.

गंमत पुढंच आहे. या चुकीमुळे अमेरिकेच्याच बोटींची पंचाईत व्हायला लागली. मग त्यांच्या तटरक्षक दलानं किनाऱ्यावर केंद्रं उभारली आणि ती चूक किती आहे ते बोटींना कळवायला सुरुवात केली. एक सरकारी खातं चूक घालतंय, दुसरं सरकारी खातं ती काढतंय, आणि दोन्हींचा पगार एकाच तिजोरीतून. आपल्याकडे एक खातं रस्ता करतं आणि दुसरं पाईपलाईनसाठी तोच उकरतं, तेव्हा आपल्याला वाटतं हे इथंच होतं.

शेवटी १ मे २००० ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही मुद्दामची चूक बंद करायचा हुकूम दिला. आपल्याकडे महाराष्ट्र दिन. त्या रात्रीत साऱ्या जगातली यंत्रं एकदम सुधारली, कुणालाही नवं यंत्र न घेता. शंभर मीटरची चूक दहा-वीस मीटरवर आली. गाडीला रस्ता दाखवणं, घरपोच सामान, शेतातली मोजमापं, हे सगळं पुढं त्यावर उभं राहिलं. २००७ साली त्यांनी असंही जाहीर केलं की नव्या पिढीच्या उपग्रहांत ही चूक घालायची सोयच ठेवणार नाही.

पण मैत्रिणींनो, मुद्दाम घातलेली चूक गेली, तरी एक चूक राहिली होती. ती कुणी घातलेली नाही, ती आभाळातलीच आहे. नवे उपग्रह, नवे सिग्नल यांवर एवढा पैसा ओतला जातो त्यातलं मोठं कारण हे आहे, म्हणून इथं जरा थांबू.

आपल्या डोक्यावर, हवेच्याही वर, उन्हानं विजेचा भार आलेला एक थर आहे. उपग्रहाचा निरोप त्यातून येताना थोडा रखडतो. किती रखडेल ते रोज वेगळं. दुपारी जास्त, पहाटे कमी. आणि विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्याही डोक्यावर, हा थर जास्त लहरी. निरोप रखडला की फोनला वाटतं उपग्रह लांब आहे, आणि जागा चुकते.

यावर उपाय काय? समजा, तुमच्या शेतातून दोघी जणी एकाच वेळी घरी निघाल्या. एकीच्या पायात चपला, दुसरी अनवाणी. वाट कोरडी असेल तर दोघी बरोबर पोचतील. वाटेत चिखल असेल तर चपलावाली जास्त रुतणार, ती मागं पडणार. आता घरी बसलेल्या सासूबाईंनी चिखल बघितलेला नाही, पण दोघींमध्ये किती वेळाचं अंतर पडलं यावरून त्या सांगू शकतात की वाटेत चिखल किती होता. उपग्रहांचंही तेच. दोन वेगवेगळ्या लहरींवर, म्हणजे रेडिओची जशी वेगवेगळी स्टेशनं तशा दोन लहरींवर, एकाच वेळी निरोप पाठवायचे. वरचा थर दोन्हींना सारखा अडवत नाही. दोन्ही कधी पोचले ते बघितलं की चिखलाचा हिशोब लागतो आणि तेवढी चूक वजा करता येते.

लष्कराला या दोन लहरी पहिल्यापासून होत्या. नागरिकांना एकच. ही खरी तफावत होती. मुद्दामची चूक गेल्यावरसुद्धा सैनिकाचं यंत्र चिखल मोजू शकत होतं, आपलं मोजू शकत नव्हतं.

ती भरून काढायला २००५ पासून नव्या उपग्रहांवरून नागरिकांसाठी दुसरी लहर सुटू लागली. २०१० पासून तिसरी, तिला एल-फाईव्ह म्हणतात. ही जास्त जोरकस आहे आणि मुळात विमानांच्या सुरक्षेसाठी आखलेली आहे. २०१८ च्या डिसेंबरपासून तिसऱ्या पिढीचे उपग्रह जाऊ लागले, त्यांच्यावर चौथी. ती युरोपच्या उपग्रहांशी जुळेल अशी केली आहे, म्हणजे एकाच फोनला दोघांचं ऐकणं सोपं. त्याच उपग्रहांवर लष्कराचीही नवी लहर आहे, एम-कोड नावाची. ती जास्त ताकदीची, नव्या कुलपाची, आणि शत्रूला दाबायला अवघड.

दाबायला म्हणजे काय? उपग्रहाची ताकद जुन्या पिवळ्या बल्बएवढी धरा, आणि तो बल्ब वीस हजार किलोमीटरवर. खाली पोचेपर्यंत त्यात काय उरतं? कुणी जवळून त्याच लहरीवर मोठ्यानं गोंगाट केला की खरा निरोप ऐकूच येत नाही. लग्नाच्या डीजेपुढं कानात सांगितलेल्या गोष्टीसारखं. त्याहून वाईट म्हणजे कुणी खोटा निरोप सोडणं, की फोनला वाटावं आपण दुसरीकडेच आहोत. हे युद्धाच्या मुलखात रोज चालतं. आपल्या अमृतसर-जम्मूच्या बाजूला विमानांना असे खोटे संदेश मिळाल्याचं आपल्या सरकारनं संसदेत सांगितलेलं आहे.

एवढं ऐकून वाटेल, अमेरिकेचं काम किती चोख! तसं काही नाही. उपग्रह वर गेले, पण त्यांचे सगळे नवे संदेश चालवायची जमिनीवरची नियंत्रण व्यवस्था वर्षानुवर्षं रखडली. तिचं कंत्राट २०१० साली दिलं आणि ती हातात यायला दहा वर्षांहून खूप जास्त लागली. सैनिकांची नवी यंत्रंही उशिरा. गावात पाण्याची टाकी बांधून रंगवून तयार, आणि नळाला पाणी नाही. हे चित्र आपल्याला नवीन नाही. फक्त इथं टाकी वीस हजार किलोमीटर उंचीवर आहे.

आता एका बाईची गोष्ट सांगते, कारण या सगळ्या उपग्रहांच्या गोष्टीत बायका दिसतच नाहीत. ग्लॅडिस वेस्ट. जन्म १९३० चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या खेड्यात, काळ्या वर्णाच्या शेतकरी कुटुंबात. लहानपणी शेतात तंबाखू, मका, कापूस काढायची कामं केलेली. तिथल्या काळ्या मुलींपुढं तेव्हा दोनच वाटा, शेतमजुरी नाहीतर तंबाखूचा कारखाना. ग्लॅडिसला कळलं की शाळेत पहिलं आलं तर कॉलेजला शिष्यवृत्ती मिळते. ती पहिली आली. गणित शिकली, काही काळ शिक्षिका झाली, आणि १९५६ साली नौदलाच्या डाहलग्रेन इथल्या केंद्रात गणिती म्हणून लागली. तिथं काळ्या वर्णाची माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

तिनं काय केलं? पृथ्वी चेंडूसारखी गोल आहे असं आपण शाळेत शिकतो. पण नीट गोल नाही. कुठं फुगीर, कुठं खोलगट, जणू घाईनं वळलेला लाडू. त्यात समुद्राची भरती-ओहोटी आणि ठिकठिकाणी बदलणारं पृथ्वीचं ओढणं. उपग्रहाची वाट आणि आपली जागा अचूक काढायची तर पृथ्वीचा हा खरा आकार आकड्यांत माहीत हवा. वेस्टबाईंनी उपग्रहांनी पाठवलेली मोजमापं घेऊन, मोठ्या संगणकांवर, वर्षानुवर्षं हा आकार बसवायचं काम केलं. जीपीएस त्यावर उभं आहे. १९९८ साली त्या निवृत्त झाल्या. बाहेर कुणाला नावही माहीत नव्हतं. २०१८ साली अमेरिकेच्या हवाई दलानं त्यांचा मान केला, तेव्हा त्या सत्तरीच काय, पंच्याऐंशीही पार करून गेल्या होत्या.

आता आपल्या देशाकडे येऊ. जीपीएस फुकट आहे, चांगलं आहे, पण चावी कोलोरॅडोतल्या लष्करी तळावर आहे. म्हणून रशियानं आपलं उभं केलं, युरोपनं केलं, चीननं केलं. भारतानं २००६ साली १,४२० कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. तिचं नाव आता 'नाविक'. सगळ्या जगासाठी नाही, भारत आणि भोवतालच्या दीड हजार किलोमीटरसाठी. म्हणून सातच उपग्रह पुरतात. ते जीपीएसपेक्षा वर, छत्तीस हजार किलोमीटरवर, कायम आपल्याच बाजूच्या आभाळात राहतात. इथंही दोन सेवा आहेत. एक सगळ्यांसाठी उघडी, एक लष्करासाठी कुलूपबंद. पण एक गोष्ट मला मनापासून आवडली. आपल्याकडे नागरिकांच्या उघड्या सेवेलासुद्धा पहिल्यापासून दोन लहरी दिल्या. चिखल मोजायची सोय पहिल्या दिवसापासून.

पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला, सातवा २०१६ च्या एप्रिलमध्ये. आणि मग घड्याळानं घात केला. उपग्रहांतली अणुघड्याळं स्वित्झर्लंडहून आणलेली होती. एका उपग्रहात तीन-तीन घड्याळं, एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून. पहिल्या उपग्रहाची तिन्ही बंद पडली. पुढं इतरांचीही पडली. त्याच बनावटीची घड्याळं युरोपच्या उपग्रहांतही बिघडली, म्हणजे दोष आपल्या हाताचा नव्हता. पण घड्याळाशिवायचा उपग्रह म्हणजे सुईशिवायचं शिलाई मशीन. चालू आहे, फिरतंय, टाका पडत नाही. २०१७ साली बदली उपग्रह पाठवला, तर रॉकेटच्या टोकावरचं कवच उघडलंच नाही आणि उपग्रह आतच अडकला. २०१८ ला दुसरा पाठवला, तो नीट पोचला.

मग इस्रोनं दुसऱ्या पिढीचं काम हातात घेतलं. २९ मे २०२३ ला एनव्हीएस-०१ गेला. त्यात अहमदाबादच्या केंद्रात बनवलेलं आपलं स्वतःचं अणुघड्याळ आहे. आणि अजून एक मोठी गोष्ट, त्यावर जीपीएसच्या जुन्या लहरीशी जुळणारी तिसरी लहर आहे. याचा अर्थ स्वस्तातल्या फोनला, अगदी मनगटातल्या घड्याळालाही नाविक ऐकणं सोपं होतं. आधीच्या दोन लहरी ऐकायला वेगळी, महाग चिप लागायची, म्हणून आपलाच उपग्रह आपल्याच लोकांच्या फोनला ऐकू येत नव्हता.

जानेवारी २०२५ मध्ये दुसरा, एनव्हीएस-०२. श्रीहरिकोट्याहून झालेलं ते शंभरावं उड्डाण होतं. रॉकेटनं काम चोख केलं, पण उपग्रहाचं इंजिन पेटवायला लागणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत, आणि तो ठरलेल्या जागी जाऊ शकला नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारनं संसदेत हिशोब दिला. अकरा उपग्रह सोडले. त्यांतले तेव्हा चार जागा सांगायचं काम करत होते, चार नुसते निरोप पाठवायला वापरले जात होते, एक निवृत्त, दोन जागेवर पोचलेच नाहीत. चार! मघाशी सांगितलं ना, किमान चार लागतात. बाजेला चारच पाय, पाचवा टेकू नव्हता.

इस्रोचा अभिमान मलाही आहे, चांद्रयान उतरलं तेव्हा शाळेत पोरांबरोबर मीही उड्या मारल्या. पण चंद्राच्या बातमीला जेवढी जागा मिळते तेवढी या घड्याळांना मिळत नाही, हे मला बरं वाटत नाही. चंद्रावर आपलं कुणी राहत नाही. या उपग्रहांच्या खाली आपण राहतो.

तुमचा फोन बंद का पडत नाही मग? कारण तो अमेरिकेचं, रशियाचं, युरोपचं, चीनचं, आणि सोय असेल तर आपलं, सगळ्यांचं एकदम ऐकतो.

आपल्या जगण्यात हे कुठं कुठं येतं ते पटपट सांगते. पालघरला ३० ऑगस्ट २०२४ ला मच्छीमारांच्या बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायची देशव्यापी योजना सुरू झाली, एक लाख बोटींसाठी. यंत्र इस्रोनं तयार केलेलं. मोबाईलची रेंज जिथं संपते तिथूनही बोटीवरचा माणूस मदत मागू शकतो. आपल्या कोळी भगिनींना याचं मोल मी सांगायला नको. २०१९ पासून नव्यानं नोंद होणाऱ्या बस-टॅक्सीत जागा सांगणारं यंत्र आणि धोक्याचं बटण सक्तीचं आहे. बसमध्ये चढलात की ते लाल बटण कुठं आहे ते एकदा बघून ठेवा. बचत गटांना फवारणीचे ड्रोन मिळतात, त्या ड्रोनताईंनी उडवण्याआधी रिमोटवर उपग्रहांचा आकडा बघावा. तो पुरेसा झाल्याशिवाय उडवू नये, नाहीतर फवारा शेजारच्या भाजीवर जातो आणि भांडण आपल्या दारात येतं.

भांडणावरून आठवलं. हे नीट ऐका. हल्ली फोनवर शेत मोजायची अ‍ॅप्स आली आहेत. बांधावरून चालत गेलं की एकर-गुंठे सांगतात. त्यावरून भावकीत, जावाजावांत वाद झालेले मला माहीत आहेत. मोकळ्या रानात, चांगल्या आभाळाखाली, साध्या फोनची चूक साधारण पाच मीटरची असते. आपला गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर. दहा गुंठ्यांचा चौकोनी तुकडा असेल आणि एका बाजूला दोनच मीटर चूक झाली, तरी अर्ध्या गुंठ्याहून जास्त जमीन इकडची तिकडे. फोनवरून बांध ठरत नाही. भूमी अभिलेखचे मोजणीदार आता जे रोव्हर यंत्र आणतात, तेही उपग्रहांचंच ऐकतं. पण पक्क्या जागेवर बसवलेल्या केंद्राशी ते सतत ताडून बघतं आणि चूक काही सेंटीमीटरवर आणतं. अमेरिकेच्या तटरक्षकांनी बोटींसाठी केलं, तीच युक्ती आणखी बारीक केलेली. वाद असेल तर रीतसर मोजणीचा अर्ज करा. फोन दाखवून जाऊबाईंशी बोलणं सोडू नका.

आता मावशींचा प्रश्न. सोयाबीनमध्ये उभं राहून फोन बाहेर का दाखवतो? कारणं दोन. एक, फोनची चूक. झाडाखाली, पत्र्याच्या शेडशेजारी, विहिरीच्या उंच कठड्यापाशी निरोप आपटून, वळसा घालून येतो आणि जागा सरकते. दुसरं, नकाशाची चूक. गटांचे नकाशे जुन्या साखळी मोजणीवरून आलेले आहेत, ते संगणकावर चढवताना काही ठिकाणी सरकलेले आहेत. तेव्हा तुम्ही बरोबर, फोनही बरोबर, आणि रेघच चुकीच्या जागी, असंही होतं. बाईकडून मीटर-मीटरचा हिशोब मागायचा आणि तिच्या हातात पाच मीटर चुकणारं यंत्र द्यायचं, हे मला न्यायाचं वाटत नाही. पण उपाय आहेत.

शेताच्या मधोमध मोकळ्यावर जा, बांधावर उभ्या राहू नका. फोन खिशातून काढल्या काढल्या बटण दाबू नका, दोन मिनिटं थांबा. रेंज नसली तरी जागा कळते, कारण ती उपग्रहावरून येते, टॉवरवरून नाही. फक्त रेंज नसताना पहिल्यांदा सापडायला वेळ जास्त लागतो. नकाशावर निळ्या ठिपक्याभोवती फिकट गोल दिसतो, तो म्हणजे फोनची शंका. गोल मोठा असेल तर थांबा, लहान झाला की मग अ‍ॅप उघडा. तरी नाही म्हणालं तर त्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. पिकाचा फोटो घ्या आणि मुदत संपायच्या आत तलाठ्याकडे लेखी द्या. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेली नोंद करायला सहायक नेमलेले असतात, त्यांना गाठा. तोंडी सांगून परत येऊ नका, पोच घ्या.

शेवटचा प्रश्न एका गटाचा चिठ्ठीतून आलाय: "मग दोन लहरीवाला फोन घ्यावा का?" असे फोन २०१८ पासून बाजारात आहेत, आणि झाडीत, डोंगरकडेला फरक पडतो हे खरं. गटाचा सामायिक फोन घ्यायचाच असेल, ड्रोन किंवा सर्वेक्षणाचं काम मिळत असेल, तर दुकानदाराला 'ड्युअल फ्रिक्वेन्सी' आहे का आणि 'नाविक' चालतं का, हे दोन शब्द विचारा. त्याला माहीत नसेल तर खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत लिहिलेलं दाखव म्हणा. पण वर्षातून दोन-तीनदा पीक नोंदवण्यासाठी चालू फोन टाकून नवा घ्यायला गटातून कर्ज काढू नका. त्यापेक्षा ज्यांच्याकडे बरा फोन आहे त्यांनी पाहणीच्या आठवड्यात एक दिवस ठरवावा आणि वस्तीवरच्या पाच-सहा जणींची नोंद एका फेरीत उरकावी. एका फोनवरून अनेकांची नोंद करता येते. आमच्या भागात दोन गटांनी तसं सुरू केलंय, सकाळी नऊच्या आत निघतात, बरोबर पाण्याची बाटली आणि चार्जिंगची बॅटरी घेऊन.